दौलतच्या मापाची झोळी

आमची पलटण तेव्हा देवळालीच्या छावणीत होती. दुसरी मोठी लढाई अजून पेटायची होती. उन्हाळा संपला की वायव्य सरहद्दीवर जायचा हुकूम होता, आणि त्याआधी महिनाभर गंगापूरच्या बाजूला एका आंबराईत तंबू ठोकून सराव करायचा होता. आज तुम्ही गंगापूर रोडला बंगले बघता, तेव्हा तिकडे शेतं, आंबे आणि धूळ होती. साडेचारला बिगुल, पाचला पी.टी., सहाला परेड. मी नाईक होतो. माझ्या सेक्शनमध्ये दहा जवान, त्यातला एक दौलत.

दौलत सटाण्याकडचा. उंची सहा फूट चार इंच. भरतीच्या वेळी माप घ्यायला क्लार्क स्टुलावर चढला होता म्हणे. पोरं त्याला 'खांब' म्हणायची. तो हसायचा. एवढा मोठा गडी, पण आवाज चढवून कुणाला बोललेला मी ऐकला नाही.

फौजेत प्रत्येक वस्तूचं माप ठरलेलं. कॅम्पातली खाट सहा फुटांची, पायथ्याला लोखंडी दांडी. दौलतने पाय लांब केले की दांडी पोटऱ्यांत रुतायची. आखडून निजला की सकाळी कंबर धरलेली. आंबराईत विंचू फार, म्हणून जमिनीवर निजायची मनाई. लांब खाट करून घ्यावी, तर ती सरहद्दीवर नेणार कोण? पंधरा दिवसांत गडी निम्मा झाला. परेडला उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचा. एकदा रायफलसकट खाली आला.

डॉक्टर कॅप्टन गोरा होता. दोन शब्दांत काम.

"शनिवारी बारा मैल. फुल पॅक. पडला तर अनफिट. घरी."

"यस सर."

बाहेर आल्यावर दौलत झाडाखाली बसला आणि त्याचे डोळे भरून आले. "उस्ताद, घरी धाडू नका. पलटणीत गेलेला गावातला मी एकलाच शे. मायले काय तोंड दाखवू?"

"गप," मी म्हणालो. "शनिवारच्या आत तुला झोपवतो."

बोलून तर बसलो. करायचं काय, ते ठाऊक नव्हतं. सुभेदारसाहेब पहिल्या लढाईत जहाजाने गेलेले. ते म्हणाले, "खलाशी कापडी झोळीत निजतात. घडी करून पिशवीत मावते." मग पंचवटीच्या बाजारातून मी दोरीची जाळीदार झोळी आणली. एका रात्रीत दौलतच्या पाठीवर चौकटी उठल्या. मग जुन्या बाजारात कॅनव्हासची मिळाली. लांबी बघून मी खूश. दोन आंब्यांच्या मध्ये ती तंबूच्या दोरीसारखी टणटणीत ताणली. फौजी माणूस, ढिली दोरी दिसली की हात शिवशिवतात! दौलत चढला, दोन्ही बाजूंनी कापडाने खांदे आवळले, कूस बदलायला गेला आणि झोळीने त्याला धाडकन मातीत टाकला. अख्खं सेक्शन हसलं. मला मात्र घाम फुटला, कारण बुधवार उलटून गेला होता.

गुरुवारी सकाळी पास काढून आम्ही दोघं झोळी करून घ्यायला जुन्या नाशकात रहीमचाचांकडे गेलो. चाचा मूळ येवल्याचे, पैठणी विणणारे. म्हातारपणी लेकीकडे राहायला आलेले. मागाशेजारीच नात झोळीत निजलेली. चाचांनी दौलतला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"या अल्ला! याला तर अख्खं थान लागेल."

"आठ फूट लांब करून द्या, चाचा."

"लांबी काय बघता, नाईकसाब? पन्हा बघा, पन्हा." त्यांनी जाड सुती कापडाचे दोन पन्हे शेजारी शेजारी ठेवले आणि जोडायला घेतले. "आणि दोरी ढिली सोडा. लेकराची झोळी कुणी ताणून बांधतं का?"

"मग हा मध्ये बुडेल की."

"सरळ निजला तर बुडेल. तिरपा निजवा. डोकं या काठाला, पाय त्या काठाला. पाठ सपाट राहते." नातीकडे बोट केलं. पोरगी खरंच तिरपी पसरली होती. एवढे बाजार पालथे घातले, आणि अक्कल शिकवली ती दीड वर्षाच्या पोरीने!

दुपारी झोळी बांधली. दोरी ढिली सोडताना जिवावर आलं. दौलत तिरपा पडला, पाय लांब केले, ते आतच राहिले. "बराबर शे, उस्ता..." एवढंच बोलला आणि घोरायला लागला. संध्याकाळच्या हजेरीला मी त्याला ड्यूटीवर दाखवला. उठवायचं मन झालं नाही.

शनिवारी बारा मैलांत तो तिसरा आला. डॉक्टर म्हणाला, "फिट." दौलतने मला चक्क उचलून घेतलं, वर्दीतल्या नाईकाला! मी शिव्या घातल्या, पण माझाही ऊर भरून आला होता.

चार महिन्यांनी सरहद्दीवर. सकाळचे सात दहा. दौलत टेकडीवरच्या पहाऱ्याच्या पिकेटवर, मी खाली टेलिफोनवर.

"पिकेट दोन, रिपोर्ट."

"सब ठीक, उस्ताद."

दोन गोळ्यांचे आवाज आले.

"पिकेट दोन. बोल."

आवाज दुसऱ्याचा. "नाईकसाब, दौलतला लागली."

वर रचलेली दगडांची आडभिंत साध्या माणसाच्या मापाची होती. तो बसला तरी डोकं वर दिसायचं. आम्ही सात पस्तीसला पोचलो. तोवर तो गेला होता.

मी त्याला झोपवलं नसतं तर तो अनफिट ठरला असता. चार दिवस गावात मान खाली घातली असती आणि मग जगला असता. हे माझ्या मनातून कधी गेलं नाही. रजा मिळताच सटाण्याकडे त्याच्या गावी गेलो, त्याच्या मायला हेच सांगायला.

म्हातारीला खबर आधीच पोचली होती. तिने पाणी दिलं. गोळी कुठे लागली, ते तिने विचारलंच नाही.

"त्याले झोप लागे का रे भाऊ?"

मी तिला सगळं सांगितलं. चाचा, दोन पन्हे, ढिली दोरी. मग म्हणालो, "माय, मी ते केलं नसतं तर तो घरी आला असता."

ती जवळ सरकली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "पाय लांब करीसन निजे ना?"

"हो, माय. पाय लांब करून."