तो बाण तिथं नव्हता

सरांनी मला फळा केलं.

लॅबमधल्या खऱ्या फळ्यावर आधीच्या तासाचं लिहिलेलं तसंच होतं. म्हणून म्हणाले, "ये इकडं. कागद वर धर. तोंडासमोर. आज तू फळा."

मी धरला. ड्रॉइंगचा मोठा कागद, दोन्ही हातांनी ताणून धरावा लागणारा. पलीकडं अख्खा वर्ग. अलीकडं मी. मला कागदाची मागची बाजू तेवढी दिसत होती.

सर लाकडी पट्टीनं माझी आकृती दाखवू लागले. पहिला गोल माझ्या कपाळापाशी होता, दुसरा हनुवटीपाशी. पट्टी कागदावर टेकायची आणि मला लागायची. जोरात नाही. तक्रार करावी इतकीही नाही.

"हे बघा. या गोलात बाण चाललाय. भाईर काय येतंय? काईच न्हाय. आन् ह्यो दुसरा गोल. यात काई जातच न्हाय, तरी बाण भाईर. आभाळातनं पडला का?"

वर्ग हसला.

"मेंढरामागं फिरणाऱ्या घरात लॉजिक यायचं कुठनं? फॉर्मवर जात लिहिली की ॲडमिशन मात्र होतंय."

पुन्हा हसले. माझी मैत्रीणही हसली. तिचं हसू मला ओळखू येतं. माझे हात भरून आले होते, पण मी ते खाली घेतले नाहीत. राग आला नाही. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. हेच मला आजही सगळ्यात जास्त टोचतं. तास संपेपर्यंत मी उभी होते.

ती आकृती काय होती ते सांगते. बीसीएच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. एखाद्या कामाचं सॉफ्टवेअर करायचं तर आधी त्या कामातली माहिती कुठून निघते, कुणाच्या हातून जाते आणि कुठं साठते, ते कागदावर काढायचं. याला डेटा फ्लो डायग्राम म्हणतात. चौकोन म्हणजे बाहेरचा माणूस. गोल म्हणजे काम. दोन आडव्या रेघा म्हणजे रजिस्टर किंवा फाईल. बाण म्हणजे माहितीची वाट. नियम सोपा आहे. गोलात काही गेलं तर त्यातून काहीतरी बाहेर आलं पाहिजे. आणि काही न जाता काही बाहेर येऊ शकत नाही.

धाराशिवला आमच्या कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं तयार प्रोजेक्ट मिळतात, आकृतीसकट. नाव बदलायचं, बाइंडिंग करायचं. दुकानदार मला म्हणाला होता, "टँकरचं न्हाय आपल्याकडं. हॉस्पिटल घ्या ताई, हमखास पास." वर्गात सात हॉस्पिटलं निघाली. सातही आकृत्यांत बाण जिथल्या तिथं होते. सरांनी सातांवरही सही केली.

मी टँकर घेतला. परंडा तालुक्यात आमची धनगरवस्ती आहे, गावापासून दोन मैल. उन्हाळ्यात गावाला टँकर येतो. वस्तीला येत नाही. आम्ही दरवर्षी अर्ज देतो. तो अर्ज जातो कुठं, हे मला आकृतीसाठी हवं होतं. एक दिवस कॉलेज बुडवून मी ग्रामपंचायतीत गेले. तिथल्या क्लार्कला विचारलं, "वस्तीचा अर्ज आला की नोंद कुठं करता?"

"नोंद कशाची? ठेवतो की."

"कुठं?"

त्यानं पायानं दाखवलं. टेबलाखाली सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता. मी खाली बसून बघितला. चार उन्हाळ्यांचे आमचे अर्ज त्यात होते. वरच्या अर्जावर आईचा अंगठा.

"आन् मळ्यावर टँकर जातो, त्याचा अर्ज?"

मळा म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या बागायतदाराचा. त्यांच्या विहिरीत टँकर रिकामा होतो, हे अख्ख्या गावाला माहीत आहे.

"त्याला कशाला अर्ज? ते ठरलेलंच हाय," क्लार्क म्हणाला.

जे होतं ते मी काढलं. वस्तीचा अर्ज गोलात जातो, बाहेर काही येत नाही. मळ्याकडून काही येत नाही, तरी टँकर जातो. मला नियम पाठ होते. मी आकृती तीनदा तपासली. चूक आकृतीची नव्हती. पण कागदामागं उभी असताना हे माझ्या तोंडातून निघालं नाही.

तास संपल्यावर सरांनी स्टाफरूममध्ये बोलावलं. आवाज आता मऊ होता. "इथं एक बाण काढ, मंजुरी लिही. इथं एक काढ, मागणी लिही. उद्या शेवटची तारीख हाय. सही करून टाकतो."

सही नसेल तर तोंडी परीक्षा नाही. ती नसेल तर डिग्री नाही. सोलापूरच्या एका कंपनीत माझी निवड झाली होती, निकालाच्या अटीवर. आमच्या वस्तीत पगाराची नोकरी अजून कुणालाच लागलेली नाही.

मी ते बाण काढले. लपवत नाही. हॉस्टेलवर बसून, पेन्सिलीला टोक करून, पट्टी लावून दोन्ही बाण काढले. आकृती देखणी झाली. मला काही वाटलं नाही.

संध्याकाळी रोजच्यासारखा आईचा फोन आला. रोजच्यासारखंच मी विचारलं, "पाणी मिळालं का गं?"

"कुठलं. दुपारधरनं बसले हिरीवर, नंबर लागंस्तोर गढूळ झालं. उद्या बघू," आई म्हणाली. "तू जेवलीस का?"

फोन ठेवला. समोर कागद होता. 'वस्ती' असा चौकोन, आणि त्यात जाऊन टेकलेला माझा बाण. मंजुरी. माझ्याच अक्षरात.

मी खोडरबर घेतलं. दोन्ही बाण कागद फाटेल इतके घासले. दंड ठणकायला लागले. दिवसभरात पहिल्यांदा मला काहीतरी जाणवलं. मग राग आला. सरांचा आला, क्लार्कचा आला, आणि दुपारी तसले बाण काढणाऱ्या माझा सगळ्यात जास्त आला.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर कागद ठेवला. त्यांनी पेन उघडलं होतं.

"बाण?"

"तिथं बाण न्हाईत, सर."

"कागदावर काढायला तुझ्या बापाचं काय जातंय?"

"काढला तर माझ्या आईला पाणी मिळालं असं होतंय. ते मिळालेलं न्हाय."

 सरांनी पेनाला टोपण लावलं. "बस मग पुढल्या वर्षी."

"बसते," मी म्हणाले.

वर्ष वाया गेलं. सोलापूरची नोकरी गेली. वडिलांना, आबांना, सांगितलं. ते मेंढरं घेऊन गेले. त्यांना वाईट वाटलं असणार. मलाही वाटतं, अजून वाटतं.

आता मी वस्तीवरच असते. दर सोमवारी अर्जाच्या दोन प्रती घेऊन ग्रामपंचायतीत जाते. क्लार्क म्हणतो, "ठेव तिथं." मी ठेवत नाही. म्हणते, "दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारा, सही करा, तारीख टाका. मग जाते." तो मारत नाही. मी जात नाही. गेल्या सोमवारी तो कुलूप लावून निघून गेला, तोवर बसले होते. येत्या सोमवारी वस्तीतल्या पाच बाया येणार आहेत. त्यातली एक माझी आई.

प्रोजेक्टची तारीख पुन्हा येईल. मी तीच आकृती लावणार आहे, त्याच सरांपुढं. बदल एकच. वस्तीचा अर्ज जातो त्या गोलात आधी 'अर्ज तपासणी' असं लिहिलं होतं. आता 'अर्ज टेबलाखाली ठेवणे' असं लिहिणार आहे, आणि खाली ठेवणाऱ्याचं पद. सही करायची नसेल तर का करायची नाही, ते सरांनी लिहून द्यावं. तोंडी मी काही ऐकून घेणार नाही.