नंबर एंगेज आहे

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. आम्ही घाटकोपरला ऑपरेटर होतो. कानाला हेडफोन आणि दिवसभर तोंडात एकच वाक्य : "नंबर एंगेज आहे." त्यातल्या 'एंगेज' या एका शब्दानं आमच्याकडे काय काय केलं!

मुलुंडच्या एका काकांनी मुलीसाठी नाशिकचं स्थळ पाहिलं होतं. मुलाच्या नावानं त्यांनी ट्रंक कॉल बुक केला. लाइन बिझी, म्हणून मी सांगितलं, "एंगेज आहेत."

"मग आधी सांगायचं ना त्यांनी!" काकांनी फोन आपटला.

पुढच्या आठवड्यात मुलाच्या वडिलांनीच काकांना फोन लावला. तोवर मुलीचं बोरिवलीत ठरलं होतं.

आमची शुभदा एकदा पेढे घेऊन आली. लाजत साहेबांना म्हणाली, "सर, मी एंगेज झाले." साहेबांनी मान वर न करता विचारलं, "मग बोर्डावर कोण बसणार?"

मालतीताई बसली. ती आमच्यात सगळ्यांत मोठी, बिनलग्नाची. पार्ल्याला आईबरोबर राहायची. कुणाचंही लग्न असो, बारसं असो, बदली ड्यूटी तीच करायची.

पवईहून एक गृहस्थ रोज नागपूरचा नंबर मागायचे. आवाज ओळखीचा झाला होता. एकदा ताईनं "एंगेज आहे" म्हटल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आणि तुम्ही?"

ताई गडबडली. म्हणाली, "कॉल ठेवायचा की कॅन्सल करायचा?"

ते म्हणाले, "कॅन्सल करा."

त्यांचा फोन परत आला नाही. ताई मात्र बरेच दिवस ड्यूटीवर आल्या आल्या विचारायची, "पवईचा कॉल होता का गं?"

पुढे तिची आई गेली. डॉक्टर म्हणाले, स्वतःला एंगेज ठेवा. तिनं दिवाळीच्या सगळ्या ड्यूट्या मागून घेतल्या.

रिटायर झाल्यावर खात्यातली म्हणून तिच्या घरी फोन लागला. आम्ही आळीपाळीनं लावून पाहायचो. कधीही लावा, एंगेज! शुभदा म्हणाली, बरं झालं बाई, ताईला माणसं मिळाली.

एका रविवारी दुपारी मी पार्ल्याला गेले. ताईनं चहा टाकला. बाहेरच्या खोलीत फोनवर विणलेला रुमाल होता आणि रिसिव्हर बाजूला काढून ठेवलेला.

"ताई, रिसिव्हर खाली राहिलाय."

"राहू दे," ती आतून म्हणाली. "वर ठेवला की वाट बघत बसते, आणि तो वाजत नाही."