शेताकडे तोंड असलेलं कार्ड

बारामतीच्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळेची जबाबदारी माझ्याकडे आहे. दुसऱ्या कुणी केबल हलवलेली मला चालत नाही. प्रत्येक वायरीला चिठ्ठी, प्रत्येक यंत्राच्या पाठीवर लेबल, आणि सकाळी आल्याबरोबर दिवसभराची कामं वहीत, झालं की त्यावर रेघ. प्रयोगशाळेत ही शिस्त चालते. माझं माहेर निरवांगीला आहे, आणि तिथे माझे वडील आहेत.

आबा वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर होते. उसाचा गळीत हंगाम संपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग लागतं. जे फिरतं, तापतं, घासतं ते सगळं उघडायचं, धुवायचं, पुसायचं आणि परत बसवायचं. निवृत्त होऊन आबांना बरीच वर्षं झाली, पण हा नियम त्यांच्या हातातून गेलेला नाही. हंगाम उरकला आणि बाबासाहेबांची जयंती जवळ आली, की घरातला पंखा, आईचं शिलाई मशीन, विहिरीवरची मोटर यांची पाळी लागते. त्या वर्षी विहाराच्या अभ्यासिकेतल्या संगणकाचीही पाळी लागली. मला कुणी विचारलं नाही.

तो संगणक मीच तिथे मांडला होता. जुना, पण दणकट, आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स. त्याला नेटवर्कची दोन तोंडं होती. एक मूळचंच, त्याची वायर भिंतीवरच्या फायबरच्या डबीत जाते, हे जगाकडचं. दुसरं मी वेगळं कार्ड घालून दिलेलं. त्याची वायर छतावरच्या अँटेनाच्या पेटीत जाते, हे शेताकडचं.

शेताकडचं तोंड माझ्या भाचीसाठी होतं. भावाची मुलगी, शेतकी पदवीच्या शेवटच्या वर्षाला. तिने आमच्या उसाच्या सरींमध्ये मुळांपाशी छोट्या डब्या पुरल्या होत्या. माती किती ओली आहे ते डब्या हवेतून छतावरच्या पेटीला सांगायच्या, पेटी संगणकाला, आणि पडद्यावर प्रत्येक डबीची एक रेघ चालत राहायची. याच कामाच्या जोरावर तिने दूरच्या एका संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. अर्जात तिने लिहून टाकलं होतं, की मुलाखतीत मी चालू शेत दाखवीन. मुलाखत तिला त्याच संगणकासमोर बसून द्यायची होती, कारण आमच्या भागात फोनवर आवाज येतो पण चित्र गोठून बसतं.

मुलाखत दुपारी, आणि सकाळी तिचा फोन.

"आत्या, रेघा थांबल्यात. सगळ्याच."

"डब्यांचे सेल?"

"बघितले. पेटीचा दिवापण लागतोय. संगणकालाच शेत दिसत नाहीये."

"नेट आहे?"

"नेट चांगलं आहे. जग दिसतंय, शेत दिसत नाही."

माझ्याकडे त्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती. मुलं यंत्रांसमोर बसलेली, बाहेरचे परीक्षक आलेले. निरवांगीला जाणं शक्य नव्हतं. मात्र त्या संगणकात मला माझ्या टेबलावरून शिरता येतं, तशी वाट मी पहिल्याच दिवशी करून ठेवली होती. मी शिरले आणि यंत्राला विचारलं, तुला किती तोंडं आहेत? त्याने दोन दाखवली. पहिलं ओळखीचं. दुसऱ्याचं नाव मी कधी पाहिलेलंच नव्हतं. आणि ज्याला मी शेताचा पत्ता दिला होता ते तोंड यादीत कुठेच नव्हतं.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. फार पूर्वी लिनक्स या तोंडांना शून्य, एक असे नंबर द्यायचं. यंत्र चालू होताना जे आधी जागं होईल ते शून्य. त्यामुळे एखाद्या दिवशी शून्याचं एक व्हायचं, आणि ज्याला जगाकडे पाहायचं ते भिंतीकडे पाहत बसायचं. आताची पद्धत वेगळी आहे. यंत्र सुरू होताना आपल्या पोटातून फिरतं आणि प्रत्येक कार्डाला विचारतं, तू कुठल्या फाट्यावर, कुठल्या खाचेत बसला आहेस? त्या उत्तरावरून नाव ठरतं. दुसऱ्या फाट्यावरचं कार्ड 'ईएनपी दोन', तिसऱ्या फाट्यावरचं 'ईएनपी तीन'. जागा तीच असेल तोवर नाव तेच, कुणी कितीही उशिरा जागं होवो. हे मला माहीत होतं, मुलांना शिकवतही होते. माझ्या शेताचं नाव दोनचं होतं. यंत्र आता तीन म्हणत होतं.

"संगणकाला कुणी हात लावला होता?" मी विचारलं.

भाची हळू आवाजात म्हणाली, "आजोबांनी परवा ओव्हरहॉल केलाय."

"फोन दे त्यांना."

आबा शेजारीच उभे होते, कारण लगेच आवाज आला. "बोल. काय झालं?"

"आबा, संगणक उघडला होता?"

"उघडला म्हंजे? सगळा खोलला. पंख्यात निम्मं गाव होतं, एवढी माती. ब्रशनं झाडला, पुसला, बसवला. एकबी स्क्रू उरला न्हाय."

"त्यातलं एक हिरवं पान, ज्याला छतावरची वायर लागते, ते परत कुठं बसवलं?"

"खालच्या खाचंत. वरची पार पंख्याच्या तोंडाशी. तापणाऱ्या दोन गोष्टी कुणी चिकटून ठेवतं का? कुणी बसवलं व्हतं ते तितं?"

"मी."

"मग तुला कुणी शिकवलं?" आबा म्हणाले, आणि मागे भाची हसल्याचं ऐकू आलं.

मी त्यांना सांगितलं, की खाच बदलली म्हणून यंत्राच्या लेखी ते कार्ड नाहीसं झालं आहे आणि त्याच्या जागी कुणी अनोळखी येऊन बसलं आहे. आबांना ते मुळीच पटलं नाही.

"अगं, कार्ड तेच हाय. जागा बदलली म्हणून मानूस वळखत न्हाय व्हय?"

गावात आमच्या घराची ओळख जागेवरूनच होती. घर कुठल्या अंगाला आहे एवढं कळलं की पुढचं कुणी विचारायचं नाही, आणि काही ठिकाणी पाणीसुद्धा विचारायचं नाही. आबा कारखान्यात लागले तेव्हा त्यांना एक पितळी टोकन मिळालं, त्यावर नंबर ठोकलेला. गेटवर टोकन दाखवलं की आत. बॉयलरवर असोत, मिलवर असोत, पाळी दिवसाची असो की रात्रीची, नंबर तोच. ते टोकन आबा अजून खिशात बाळगतात, किल्ल्यांच्या जुडग्यात.

"आबा," मी म्हणाले, "प्रत्येक कार्डावर पण एक नंबर ठोकलेला असतो. कारखान्यातूनच. तो खाचेवर अवलंबून नसतो."

"टोकन."

"टोकन."

"मग त्याला सांग की टोकन बघून वळख म्हनावं. येवढं सोपं हाय."

तेवढंच होतं, पण सोपं नव्हतं. नेटवर्कची मांडणी एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेली असते. कुठल्या तोंडाला कुठला पत्ता, जगाकडे जायचं कुठून. ओळी एकाखाली एक, डावीकडून मोजून जागा सोडून. एक जागा कमी-जास्त झाली तर यंत्र वाचायलाच नकार देतं. आणि मी ही फाइल बारामतीत बसून बदलणार होते, त्याच वायरीवरून जी वायर ही फाइल चालवते. चूक झाली तर माझी वाट बंद, भाचीचं नेटही बंद. आत्ता निदान मुलाखत तरी होणार होती, शेताशिवाय. हात लावला तर कदाचित तीही नाही.

मी हे भाचीला स्पष्ट सांगितलं. तिने विचार करायला वेळ घेतला नाही.

"आत्या, मी लिहून दिलंय चालू शेत दाखवीन म्हणून. जुन्या रेघा दाखवून काय सांगू? लाव हात."

मी फाइलची नक्कल बाजूला ठेवली. नव्या ओळी लिहिल्या: ज्या कार्डावर हा ठोकलेला नंबर असेल ते, मग ते कुठेही बसलेलं असो, त्याचं नाव 'शेत'. पत्ता जुनाच. मग हुकूम दिला. लागू करण्याचा नाही, 'ट्राय'चा. हा हुकूम नवी मांडणी चालू करून पाहतो आणि विचारतो, ठीक आहे का? असेल तर एंटर दाबा. खाली आकडे उलटे मोजले जातात. उत्तर आलं नाही तर तो सगळं होतं तसं परत करतो.

आकडे सुरू झाले आणि लगेच थांबले. माझा कर्सर मेला.

"आत्या, नेट गेलं," फोनवर भाची.

कुठे चुकलं ते मला त्याच क्षणी कळलं. जगाकडच्या कार्डाच्या ओळी नकलून खाली चिकटवताना 'जगाकडे जायचं इथून' ही ओळ शेताच्या कार्डाखालीही राहिली होती. यंत्र आता सगळं जग उसात शोधत होतं.

"आता गं?" आबांचा आवाज.

"काही करू नका. काही दाबू नका. थांबा."

एंटर दाबायला माझ्याकडे वाटच नव्हती, आणि 'ट्राय' नेमका अशाच वेळेसाठी होता. मी कळफलकावरून हात काढून मांडीवर ठेवले. परीक्षेला बसलेली मुलं टकटक करत होती. या यंत्रांवर मी इतकी वर्षं काम करते, पण त्या थोड्या वेळात मला जे वाटलं ते त्याआधी कधी वाटलं नव्हतं. चाळीसेक किलोमीटरवर, विहाराच्या कोपऱ्यातला एक पत्र्याचा डबा माझ्या उत्तराची वाट पाहत होता. माझं गप्प राहणं हेच उत्तर आहे हे त्याला कुणीतरी शिकवून ठेवलं होतं. कुणीतरी, मला माहीत नसलेल्या गावात, कधीतरी स्वतःची फांदी स्वतः तोडून बसलं असणार. हताश होऊन भिंतीकडे पाहिलं असणार. आणि मग उठून पुढच्यांसाठी, म्हणजे माझ्यासाठी, हे लिहून ठेवलं असणार. पैसे न घेता, नाव न लावता.

कर्सर लुकलुकला.

"आलं!" भाची ओरडली. "नेट आलं, आत्या! काय केलंस?"

"काहीच नाही," मी म्हणाले. खरंच काही केलं नव्हतं.

ती जास्तीची ओळ काढली. सगळ्या ओळी बोट ठेवून परत वाचल्या. पुन्हा 'ट्राय'. आकडे उलटे मोजू लागले आणि मोजत राहिले. यादीत आता दोन नावं होती. एक जागेवरून पडलेलं, आणि एक मी ठेवलेलं. मी एंटर दाबलं. पलीकडून भाचीचा मोठा श्वास ऐकू आला. पडद्यावर रेघा चालू झाल्या होत्या. उसाच्या मुळाशी किती ओल आहे ते मला बारामतीच्या प्रयोगशाळेत, पंख्याखाली बसून दिसत होतं. डबी हवेला सांगते, हवा पेटीला, पेटी कार्डाला, कार्ड जगाला. यातली प्रत्येक कडी मला समजते. सगळ्या मिळून जे होतं ते मला आजही समजतं असं मी म्हणणार नाही.

मुलाखतीचं मला नंतर कळलं. रेघा पाहून समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "हे आत्ताचं आहे की आधी नोंदवलेलं?" भाचीने त्यांची परवानगी घेतली आणि आजोबांना फोन लावला. आबा ठरल्याप्रमाणे शेतात उभे होते, भरलेली बादली घेऊन.

"वता, आजोबा."

"कुठल्या डबीवर? बाईंनाच इचार."

बाईंनी एक आकडा सांगितला. आबांनी त्या सरीत बादली ओतली. थोड्या वेळाने पडद्यावरची तेवढीच एक रेघ वर चढू लागली, आणि समितीतलं कुणीतरी मोठ्याने हसलं. चांगल्या अर्थाने, असं भाची म्हणाली.

ती आता त्या संस्थेत शिकते. रेघा अजून चालू आहेत. ती तिकडून पाहते, मी इकडून. संगणकाच्या पाठीवर मी सुट्टीत जाऊन लेबल चिकटवलं, 'न विचारता उघडू नये'. आबांनी ते वाचलं आणि मान हलवली.

यंदा जयंतीच्या आदल्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"ओव्हरहॉल झाला."

"आबा, लेबल लावलंय ना."

"त्येच्याखालचीबी धूळ पुसली. ऐक. ते पान मी मुद्दाम वरच्या खाचंत घातलंय. बघ, वळखतंय का."

मी शिरले. यादी मागितली. दोन तोंडं, त्यातल्या दुसऱ्याचं नाव 'शेत', आणि त्याखाली ओल सांगणाऱ्या रेघा, एकही न तुटलेली.

"वळखलं, आबा."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. "आता परत खाली घालतो. वर लई तापतंय."