अक्काचा ताप उतरला तेव्हा

मित्रांनो, आज सकाळी माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, पुन्हा दवाखान्यात नेले. या वेळी थेट आयसीयूत. चूक माझी आहे.

काल तिचा डेंग्यूचा ताप उतरला. "तम्मा, बरी झाले की मी. घरी ने," म्हणाली. मला, धाकट्या भावाला, ती तम्माच म्हणते. डॉक्टरबाई नको म्हणत होत्या, तरी मी सही केली आणि तिला नवनगरला घरी आणले. आज तिचे पोट फुगले, हातपाय गार पडले.

डॉक्टरबाई चिडल्या. "काका, ताप उतरतो तेव्हाच खरा धोका असतो. रक्तवाहिनीच्या आतल्या पेशी एकमेकींना धरून असतात. त्यांच्यात ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे असतात, ते ताणायचे की सैल सोडायचे हे दुसरी काही प्रथिने ठरवतात. डेंग्यूत तो ताबा सुटतो, फटी पडतात, रक्तातले पाणी बाहेर झिरपते."

"हे काल का नाही सांगितलेत?"

"सांगत होते. तुम्ही 'देवाची कृपा' म्हणून हात जोडलेत आणि निघालात."

देवावर माझा राग नाही. त्याच्या नावाने मी कान बंद केले, याची चीड आहे.

अक्का शुद्धीवर आहे. मघाशी काचेपलीकडून तिने खुणेने विचारले, जेवलास का?

तिला काय उत्तर देऊ, सांगा.