सुपारी सामन्यानंतर

माझं लग्न ठरलं त्या दिवशी थोरल्या भावानं मला खो-खोच्या मैदानावरून दंडाला धरून घरी नेलं. त्याला मी आजही माफ केलेलं नाही. पुढे मी भोरच्या बाजारात तांदळाचा धंदा स्वतःच्या हिमतीवर उभा केला, भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फोडला. पण तो राग काही गेला नाही.

त्यामुळे मार्गासनीची मंडळी माझ्या मुलीला बघायला आली तेव्हा मी सावध होते. पोरगी पसंत पडली, आणि मुलाच्या आईनं लगेच सुपारी फोडायची घाई केली. आमच्यात सुपारी फुटली की मुलगी सासरची. मग लग्नापर्यंत तिनं उंबरा ओलांडायचा नाही. आणि त्याच दुपारी तिचा पुण्याच्या मुलींशी खो-खोचा सामना! पोर दाराआडून माझ्याकडे बघत होती, डोळे भरलेले.

"सुपारी सामन्यानंतर," मी म्हणाले.

"अगं बया! पळायला ती काय शर्यतीची गाय हाय?"

"शर्यतीत बैल पळत्यात, विहीणबाई. गाय न्हाई. चला, बघा तरी!"

माझा आवाज चढला तसे पुरुष कपबशीत बघू लागले. बाई मात्र तरातरा माझ्याबरोबर मैदानावर आल्या.

पुण्याच्या पोरी भलत्याच चपळ. आमच्या मुली भराभर बाद झाल्या आणि शेवटी माझी पोर एकटी उरली. ती सापडली की सामना गेला! लुगड्याचा काष्टा कसून ती खांबाभोवती अशी गर्रकन वळली, की मागची पोर तोंडावर आपटली. हुलकावणी देऊन सुटली, पुन्हा हुलकावणी! मी ओरडत होतेच, पण शेजारून माझ्याहून मोठा आवाज आला.

"पळ गं माझे बाय! डावीकडनं, डावीकडनं!"

डोक्यावरचा पदर पडलेला, तरी विहीणबाईंना त्याचं भान नव्हतं. शिट्टी झाली. पोर हाती लागली नाही. जिंकलो!

धंद्यात समोरच्याची नजर मालावर अडकली, की भाव उतरवायचा नाही. मी तिथंच म्हणाले, "आता माझी अट वाढली. लग्नानंतर बी पोरगी खेळणार. कबूल असंल तर फोडा सुपारी."

"मार्गासनीत कुणासंगं खेळणार ती?"

"पोरी न्हाईत का तुमच्या गावात?"

"हायत की. माझ्याच दोन लेकी हायत. त्यांना घिऊन तिनं तिथं संघ उभा करायचा. तुमी एकट्याच घासाघीस करता व्हय?"

सुपारी मैदानातच फुटली. समोरच्याची अट ऐकून मी हसले, असं पहिल्यांदाच झालं.