दोघांनी मीठ घातलेली आमटी

गॅलरीत कपडे वाळत घालताना माधवीकाकू घसरल्या, उजवं मनगट मोडलं आणि त्यांचं स्वयंपाकघर त्यांच्या हातून गेलं. निवृत्त होईपर्यंत ज्या विश्रामकाकांनी पाण्याचा पेलासुद्धा स्वतः भरून घेतला नव्हता, ते डोंबिवलीच्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये कंबर कसून ओट्यापाशी उभे राहिले. इथवर कौतुकच होतं. पुढे प्लास्टर निघालं, व्यायाम करून मनगट पहिल्यासारखं झालं, पण काका काही ओट्यापासून हलेनात.

हलतील कसे? त्यांना टिप्सचं वेड लागलं होतं. मोबाइलवरून, भाजीवालीकडून, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बायकांकडून, मिळेल तिथून ते टिप्स गोळा करत. मिरच्यांचे देठ काढायचे, म्हणजे त्या टिकतात. डाळीत तेलाचे दोन थेंब टाकायचे, म्हणजे कुकर ओट्यावर थुंकत नाही. काकूंच्या संसारात पहिल्यापासून एका टोपलीत नांदलेल्या कांद्या-बटाट्यांचा त्यांनी काडीमोड करून टाकला, कारण कांद्याशेजारी बटाट्याला लवकर मोड येतात. कंपनीत ते माल तपासायच्या खात्यात होते, त्यामुळे फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी लागली. आणि संतापाची गोष्ट म्हणजे त्यांच्या टिप्स लागू पडत होत्या. काकूंना भांडायलाही धड जागा उरली नव्हती.

अशात ऐश्वर्याचं लग्न ठरलं. ऐश्वर्या म्हणजे काकूंच्या कळव्याच्या भावाची मुलगी. तिचं आणि होणाऱ्या नवऱ्याचं, देवेशचं, केळवण आत्याकडे व्हायलाच हवं होतं. काकूंनी मनाशी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही.

"आज ओट्यापाशी मी," त्यांनी सकाळीच बजावलं. "तुम्ही बाहेर बसून पेपर वाचायचा."

"बरं बाई. फक्त नारळ खवून देतो."

नारळ खवून झाला. मग कोथिंबीर निवडायला काका आत आले, मग लिंबं पिळायला. "पुऱ्यांच्या कणकेत थोडा रवा घातलास का? टम्म फुगतात," एवढंच सांगायलाही आले. काकूंनी लाटणं जरा जोरातच आपटलं. अळूवड्या झाल्या, श्रीखंड तयार होतं, आमटी रटरटत होती. काकूंनी आमटीत मीठ घातलं आणि साडी बदलायला गेल्या. परत येऊन त्यांनी चव पाहिली आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला. खारट! नुसती खाडी!

"अहो! तुम्ही मीठ घातलंत?"

"घातलं की. मला वाटलं, तू गडबडीत विसरलीस."

"आज तरी हात आवरायचा होता! पाहुणे कल्याण फाट्याला पोचलेत, मेसेज आलाय!"

"थांब, बटाटा टाकू. बटाटा मीठ ओढून घेतो."

"काही ओढत नाही. तो स्वतः खारट होतो, एवढंच. बिनमिठाची शिजलेली डाळ हवी, आणि आता कुकर लावायला वेळ कुठाय?"

काकांनी फ्रीजर उघडला. आत डबा होता आणि डब्यावर चिठ्ठी. जास्तीची डाळ शिजवून, मीठ न घालता ठेवायची या त्यांच्या टिपेला काकूंनी आठवडाभर नावं ठेवली होती. काका डबा पाण्याखाली धरून म्हणाले, "माधवी, मी मुद्दाम नाही गं येत तुझ्या मध्ये मध्ये. तू पडलीस ना, त्या दिवशी तुला चहा हवा होता आणि मला गॅससुद्धा पेटवता येईना. शेजारून मागून आणला. फार लाज वाटली. परत तशी वेळ आली आणि मी सगळं विसरलेलो असलो तर?"

काकूंनी डाळ पातेल्यात ओतली, गूळ-कोकम वाढवलं आणि कणकेचा उरलेला गोळा काकांपुढे सरकवला. "लाटा. पातळ लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे करा. वरणफळं सोडू, म्हणजे वाढलेली आमटीही खपेल."

काकांनी लाटलेली पोळी कोकणच्या किनाऱ्यासारखी वाकडीतिकडी झाली. काकूंनी ती तशीच कापायला सुरी पुढे केली. तुकडे आमटीत पडले आणि तेवढ्यात बेल वाजली.

देवेशने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा ऐश्वर्या म्हणाली, "आत्या, ए, रेसिपी दे ना! तू कशी केलीस?"

काका वाढायचा डाव हातात घेऊन दारातच उभे होते. अजून जेवायलाही बसले नव्हते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"काकांना विचार, ते सांगतील," त्या म्हणाल्या. "फक्त मीठ किती घालायचं, ते मला विचार. या घरात मीठ मी घालते."

"ऐकलं ना?" काका देवेशला म्हणाले आणि अखेर पाटावर बसले.