एकेचाळीस नंबरचं शिंग

सिलतऱ्याच्या कारखान्यात मारोती मेश्रामांनी एकतीस वर्षं लोखंडाला लोखंड जोडलं. तिथे लोखंडाशी बोलायचं तर ओरडूनच. चौबे कॉलोनीजवळच्या कॅफेवाल्या गल्लीतल्या या हॉटेलात मात्र लोक लोखंडापुढे कुजबुजत होते. लॉबीत म्हैस उभी होती. खऱ्या मापाची, सगळी भंगाराची. कणा सायकलच्या चेनचा, गुडघे बेअरिंगचे, शिंगं मोटारसायकलच्या सायलेन्सरची. वरचे दिवे असे सोडलेले, की आता ही कातडी थरथरवून माशी हाकलेल.

त्यांची पोट्टी दीक्षा हॉटेल सजवणाऱ्या ऑफिसात नोकरीला. या हॉटेलचं काम वेळेत झालं म्हणून तिला इथेच दोघांचा मुक्काम बक्षीस मिळाला. "मले परक्या गादीवर झोप नाही येत," म्हणत तिच्या आईने, अंजनाबाईंनी, अंग काढून घेतलं, म्हणून मारोतींचा नंबर लागला. रिक्षातच दीक्षाने तिच्या नेहमीच्या हिंदीत वचन घेतलं.

"बाबा, किसी चीज़ को हाथ मत लगाना. मेरी नौकरी का सवाल है."

"हव."

वचन पाळणं सोपं नव्हतं. खोलीच्या भिंतीवर गोंदणाच्या नक्षीचं आख्खं रान होतं. लुंगी बदलताना मारोतींनी दिवा बंद केला, कारण सगळे मोर त्यांच्याकडेच बघून राहिले होते.

सकाळी नाश्त्याआधी ते म्हशीपाशी गेले. हात पाठीमागे बांधून दोन फेऱ्या मारल्या, मग वाकून पोटाखाली डोकावले.

"क्या ढूँढ रहे हो?"

"नंबर."

कारखान्यात प्रत्येक वेल्डर जोडाशेजारी पंचच्या ठशाने आपला नंबर ठोकायचा. जोड सुटला तर कोणाला हाक मारायची ते कळायचं. मारोतींचा एकेचाळीस.

"नाम लिखा है ना, स्वरदा मॅडम का," दीक्षाने पितळी पाटी दाखवली.

"ते दिसलं. पण जोडलं कोणं? त्याले हात जोडाचे आहेत मले."

बोलता बोलता त्यांची नजर डाव्या शिंगाच्या बुडाशी अडकली. जोड वरून गुळगुळीत होता, पण जरा जास्तच. शिंगाच्या बरोबर खाली सोफा आणि सोफ्यावर पेपर वाचणारे एक टकले पाहुणे.

"दीक्षा, चमचा आण. दोन्ही शिंगं वाजव."

"मैं क्यूँ?"

"मी वचन दिलं आहे. तू कोठी दिलं?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. उजवं शिंग वाजलं, ठण्ण. डावं वाजलं, थद्द. दीक्षाने पुन्हा वाजवून पाहिलं. रिसेप्शनवरच्या माना वळल्या. ती सोफ्याकडे गेली. "अंकल, ज़रा उधर बैठेंगे?" मग तिने म्हैस घडवणाऱ्या स्वरदाला फोन लावला.

स्वरदा तासाभरात आली. तिशीची, कपाळाला आठ्या. तिने शिंग धरून हलका हिसका दिला आणि ते तिच्या हातात आलं. सगळी लॉबी शिंगाकडे बघू लागली. मारोतींची नजर मात्र तिच्या मनगटावर होती. तिथे ठिणग्यांचे डाग होते, थेट त्यांच्यासारखे.

"तुम्हीच जोडता?"

"मीच. पत्रा पातळ आहे, जळेल म्हणून करंट कमी ठेवला होता."

"तिथंच फसलं. वितळलेला माल वरच बसला, आत गेलाच नाही. आग जाड्या बाजूले द्याची, पातळ बाजू आपोआप येते." मग म्हशीकडे वळून ते म्हणाले, "पण बाकी जनावर... एकतीस वर्षांत मले नाही सुचलं, का लोखंडात म्हैस असते."

स्वरदाने वेल्डिंगचं मशीन मागवलं, सोफा बाजूला सारून ठिणग्यांसाठी ओली पोती अंथरली आणि होल्डर त्यांच्यापुढे धरला. ते दीक्षाकडे बघत राहिले.

"लावा हात, बाबा," दीक्षा म्हणाली. चक्क मराठीत.

जोड थंड झाल्यावर शिंग वाजवलं. ठण्ण. स्वरदाने नंबर विचारून पंच आणवला, आणि शिंगाच्या बुडाशी, आतल्या अंगाला, एकेचाळीस उमटला.

तोवर नाश्ता संपला होता. मारोतींनी सोफा होता तिथे परत सरकवला, बरोबर शिंगाखाली बसले आणि आल्यापासून पहिल्यांदाच चहा मागवला.